बाण समोर असूनही ‘बाण कुठे आहे?’: व्याकरणाच्या फाइलमधल्या चुका कशा वाचायच्या

एका विद्यार्थिनीने मला तिच्या लॅपटॉपवर चार ओळींची एक फाइल उघडून दाखवली. संगणकाला मराठी वाक्यं समजावीत म्हणून तिने स्वतः लिहिलेलं छोटं व्याकरण होतं ते:

वाक्य -> कर्ता कर्म क्रियापद
कर्ता -> "मुलगा" | "मुलगी"
कर्म -> "आंबा" | "पोळी"
क्रियापद -> "खातो" | "खाते"

वाचायला सरळ आहे. वाक्य म्हणजे कर्ता, मग कर्म, मग क्रियापद. कर्ता म्हणजे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. आठवीतल्या मुलालाही हे कळेल. संगणकाने मात्र पहिल्याच ओळीवर हात टेकले. त्याचं म्हणणं इतकंच होतं की ही ओळ वाचता आली नाही, इथे बाण असायला हवा होता.

‘सर, बाण तर आहे ना?’ ती म्हणाली. तिने बाण पुसला, पुन्हा टाइप केला, आजूबाजूची मोकळी जागा कमी केली, वाढवली. तक्रार तीच. तिचा अख्खा दुपारचा वेळ त्या बाणापायी गेला होता. बाणाचा काहीच दोष नव्हता.

दोष कुठे होता ते पुढे सांगतोच. आधी हे व्याकरण वाचतं कोण आणि कसं, ते पाहू. ते एकदा डोळ्यांसमोर आलं की निम्म्या चुका न शोधताच दिसतात.

वाक्याची फोड करणाऱ्या प्रोग्रामला पार्सर म्हणतात. ‘मुलगा आंबा खातो’ हे वाक्य दिलं की त्यातला कर्ता कोण, कर्म कोणतं, क्रियापद कोणतं याचं झाड तो काढून देतो. पण त्याला मराठी येत नसतं, आपण लिहून दिलेले नियम तेवढे येतात. हे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायची पद्धत आहे. डावीकडे एक नाव, मध्ये बाण, उजवीकडे ते नाव कशाकशाचं बनतं ते. ज्या नावांची आणखी फोड होते ती नुसती लिहायची, आणि जे खरे शब्द आहेत ते अवतरणचिन्हांत. १९६० च्या सुमारास अल्गोल या संगणकीय भाषेचं व्याकरण जगासमोर आलं, तेव्हा जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्यामुळे अशी नियम लिहिण्याची रीत रुळली आणि तिला त्या दोघांचं नाव मिळालं. पुढे १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी सुचवलं की नियमांतून भाषा बांधायची ही कल्पना पाणिनीची आहे, तेव्हा या रीतीला पाणिनी-बॅकस म्हणावं. ते नाव रूढ झालं नाही, पण भाषेचे नियम सूत्रांत बांधणं आपल्याकडे फार जुनं आहे, हे ध्यानात असलेलं बरं.

आता मुद्द्याची गोष्ट. वाक्याची फोड व्हायच्या आधी आणखी एक फोड होते, ती व्याकरणाच्या फाइलचीच. ‘मुलगा आंबा खातो’ पार्सरपर्यंत पोचायच्या आधी ‘वाक्य -> कर्ता कर्म क्रियापद’ ही ओळ कोणीतरी वाचावी लागते. डावीकडचं नाव कुठे संपलं, बाण कुठे आला, शब्द कुठे सुरू झाला, हे ठरवावं लागतं. हे काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला आपण वाचक म्हणू. या वाचकाचंही स्वतःचं व्याकरण असतं, आणि ते बरंच कडक असतं. सिंटॅक्स एरर म्हणून जी चूक दिसते ती मराठी वाक्यातली नसते. ती या वाचकाच्या व्याकरणात न बसलेली ओळ असते.

विद्यार्थिनी वापरत होती ते एनएलटीके. पायथन या संगणकीय भाषेतलं हे भाषाप्रक्रियेचं साधन २००१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टीव्हन बर्ड आणि एडवर्ड लोपर यांनी सुरू केलं आणि आज जगभरच्या वर्गांत ते शिकवलं जातं. त्याचा वाचक अगदी लहान आहे, पानभराचासुद्धा नाही. त्याचा कोड उघडून वाचा असं मी प्रत्येकाला सांगतो. तो काय करतो ते एका ओळीपुरतं पाहू.

ओळ हाती आली की तो तिच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा काढून टाकतो. ओळ रिकामी असेल किंवा # ने सुरू होत असेल तर सोडून देतो. मग पहिल्या अक्षरावर बोट ठेवतो आणि नाव वाचायला लागतो. नावात चालणारी चिन्हं येत आहेत तोवर बोट पुढे सरकवतो. न चालणारं चिन्ह आलं की थांबतो आणि म्हणतो, नाव संपलं. आता या जागी बाण हवा. बाण असेल तर त्याच्या पलीकडे जातो आणि एकेक वस्तू उचलतो. अवतरणचिन्ह दिसलं तर जुळणाऱ्या अवतरणचिन्हापर्यंतचा शब्द, उभी रेघ दिसली तर नवा पर्याय, आणि याखेरीज काहीही दिसलं तर ते दुसरं नाव असणार असं धरून ते वाचायचा प्रयत्न. ओळ संपली की काम झालं. मध्येच अडला तर ‘अमुक क्रमांकाची ओळ वाचता येत नाही’ असं म्हणून त्या क्षणी सगळं काम थांबवतो. पुढच्या ओळींकडे बघतही नाही.

आता ‘वाक्य’ या शब्दावर बोट ठेवा. आपल्याला अक्षरं दिसतात दोन, ‘वा’ आणि ‘क्य’. संगणकाच्या साठवणीत ती पाच चिन्हं आहेत: व, काना, क, हलन्त, य. वाचकाने ‘व’ वाचलं. चाललं. पुढचं चिन्ह काना. नावात काय चालतं हे ठरवताना हा वाचक पायथनच्या एका तयार खुणेवर विसंबतो. त्या खुणेचा अर्थ ‘शब्दात येणारं चिन्ह’ असा आहे. पण पायथन अक्षर, अंक आणि अंडरस्कोअर (_) यांनाच शब्दातली चिन्हं मानतं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या वर्गवारीत काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत, अक्षराला चिकटणारी चिन्हं आहेत. म्हणून वाचकाच्या लेखी काना आला तिथेच नाव संपलं. नाव झालं ‘व’. आता बाण हवा, आणि समोर आहे काना. म्हणून ‘बाण हवा होता’.

तो खोटं बोलत नव्हता. तो जिथे उभा होता तिथे खरोखरच बाण नव्हता.

हे मी विद्यार्थिनीला दाखवलं तेव्हा तिने लगेच विचारलं, ‘मग काल मी “पद” असं नाव दिलं होतं ते कसं चाललं?’ फार चांगला प्रश्न. ‘पद’मध्ये काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. नुसती दोन अक्षरं. म्हणून चाललं. ‘वचन’ चालेल, ‘गण’ चालेल, ‘घर’ चालेल. ‘नाम’ चालणार नाही, ‘लिंग’ चालणार नाही, ‘विभक्ती’ नाही, ‘अव्यय’ नाही. म्हणजे मराठी व्याकरणाच्या परिभाषेतली बहुतेक नावं अडणार आणि तीन-चार सुटणार, आणि ती का सुटली याचा व्याकरणाशी काही संबंध नाही. अशा चुकीने माणूस गोंधळतो, कारण ती कधी होते आणि कधी होत नाही. जी चूक दर वेळी होते तिचा माग लगेच लागतो.

डावीकडचं नाव रोमन ठेवून उजवीकडे ‘कर्ता’ लिहिलं, तर तक्रार बदलते. वाचक ‘क’ आणि ‘र’ वाचतो, हलन्तावर अडतो, आणि सांगतो की इथे नाव हवं होतं, पण मिळालं ‘्ता कर्म क्रियापद’. पडद्यावर तो हलन्त ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाखाली लटकलेला दिसतो. ते वर्तुळ दिसलं की समजावं, अक्षर मधोमध तोडलं गेलंय. देवनागरीत काम करणाऱ्याने ही खूण पाठ करून ठेवावी.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पायथन ३ मध्ये ‘वाक्य’ या नावाचं व्हेरिएबल खुशाल चालतं. भाषेचा मुख्य वाचक काना-मात्रांना नावात घेतो, पण मजकुरातले नमुने शोधणारा तिचा भाग त्यांना शब्दाबाहेर काढतो. युनिकोडची याबाबतची शिफारस स्पष्ट आहे, अशा खुणेत अक्षराला चिकटणारी चिन्हं धरावीत. पर्ल या दुसऱ्या संगणकीय भाषेत ती धरली जातात. पायथनसाठीसुद्धा वेगळं घालता येणारं ‘रेजेक्स’ नावाचं मॉड्यूल ती धरतं. म्हणजे ही देवनागरीची अडचण नाही. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घेतलेला एक निर्णय आहे, आणि तो बदलता येतो. एनएलटीकेमध्ये नाव कसं वाचायचं ते ठरवणारं फंक्शन आपलं स्वतःचं देता येतं. फक्त नेहमीच्या सोप्या दारातून न जाता त्यामागचं फाइल वाचणारं फंक्शन थेट बोलवावं लागतं, आणि त्याने परत दिलेल्या नियमांतून व्याकरण आपण उभं करायचं. नावात देवनागरीचा सगळा पट्टा चालेल एवढंच त्या फंक्शनमध्ये सांगायचं. पाच-सहा ओळींचं काम आहे. त्या दिवशी आम्ही ते केलं आणि तिच्या चारही ओळी मुकाट्याने वाचल्या गेल्या. एक काळजी मात्र घ्या. देवनागरीच्या पट्ट्यात दंड, म्हणजे वाक्याच्या शेवटची उभी रेघ (।), हासुद्धा येतो, तो वगळायचा.

दंडाचं नाव निघालं म्हणून सांगतो. मराठी कीबोर्डवर असताना ‘किंवा’ची उभी रेघ म्हणून पुष्कळ जण दंड टाइप करतात. | आणि । शेजारी ठेवले तरी फरक पटकन कळत नाही. वाचकाला मात्र ती दोन वेगळी चिन्हं आहेत. तो दंडाशी थांबतो आणि म्हणतो, इथे नाव हवं होतं. तुम्ही स्क्रीनला नाक लावून बघता, रेघ तर बरोबर आहे!

याच जातीच्या आणखी काही चुका आहेत. वर्ड प्रोसेसरमधून नियम चिकटवले की सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि -> चा एकसंध → होतो. वाचकाला सरळ चिन्हंच कळतात, त्यामुळे वाकड्या चिन्हातला “मुलगा” त्याला नाव वाटतो आणि तो पहिल्याच चिन्हाला अडतो. ओळीच्या शेवटी # लिहून टीप टाकली तरी अडतो, कारण टीप फक्त ओळीच्या सुरुवातीला चालते. बाणाच्या आधी जागा सोडली नाही तर बाण नावालाच चिकटतो, कारण - आणि > ही चिन्हं एनएलटीकेच्या नावांत चालतात. मग पुन्हा ‘बाण हवा होता’. आणि ओळ क्रमांकाचं एक आहे. व्याकरण पायथनच्या तिहेरी अवतरणांत लिहून पहिला नियम खालच्या ओळीवर सुरू केला, तर वरची रिकामी जागा पहिली ओळ धरली जाते. म्हणजे वाचकाची दुसरी ओळ ती तुमची पहिली. विद्यार्थिनीची सगळी खटपट ‘दुसऱ्या’ ओळीवर, म्हणजे ‘कर्ता’च्या बाणावर सुरू झाली होती ती यामुळेच.

सगळ्यांत त्रास देते ती न दिसणारी चूक. काही एडिटर फाइल साठवताना तिच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य चिन्ह घालतात, त्याला बॉम म्हणतात. मोकळी जागा काढून टाकताना ते निघत नाही, कारण ते मोकळी जागा म्हणून गणलं जात नाही. वाचक म्हणतो, पहिल्या ओळीत नाव हवं होतं, मिळालं हे. आणि ‘हे’ म्हणून जे छापतो ते डोळ्यांना अगदी शुद्ध नाव दिसतं. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नये. ओळीतल्या प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापून बघावा. पायथनमध्ये ते एका ओळीचं काम आहे, आणि मी तर पहिल्या अडथळ्यालाच ते करतो.

आतापर्यंतच्या सगळ्या चुका ओरडून सांगणाऱ्या होत्या. त्यांनी वेळ खाल्ला तरी फसवलं नाही. खरी भीती गप्प बसणाऱ्या चुकांची. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

समजा शब्दाभोवती अवतरणचिन्हं घालायची राहिली. ‘पद -> आंबा’ असं लिहिलं तर मूळ वाचक ‘आ’ वाचून अनुस्वारावर अडेल आणि चूक कळेल. ‘पद -> घर’ असं लिहिलं तर? ‘घर’ हे त्याच्या दृष्टीने चांगलं नाव आहे. तो गुपचूप मान डोलावतो. आता व्याकरणात ‘घर’ नावाचा एक घटक आहे ज्याचा कुठेही नियम नाही, आणि ‘घर’ हा शब्द नाहीच. चूक तीच, एकदा पकडली गेली आणि एकदा नाही. आणि आपण नावात काना-मात्रा चालतील अशी दुरुस्ती केली की ‘आंबा’सुद्धा पकडला जायचा थांबतो! दुरुस्तीने एक अडथळा गेला आणि एक आडोसाही गेला. म्हणून ती दुरुस्ती एकटी करू नये, तिच्याबरोबर पुढे सांगतो ती तपासणी जोडावी.

तसंच नावाचं स्पेलिंग चुकणं. एका ओळीत ‘क्रियापद’ आणि दुसरीत ‘क्रीयापद’. दोन्ही ओळी वाचायला ठीक आहेत. वाचकाची काही तक्रार नाही. मग तुम्ही वाक्य देता आणि पार्सर एकही झाड काढत नाही. चूक झाली असंही म्हणत नाही, फक्त उत्तर शून्य. तुम्ही वाक्यावर शंका घेता, पार्सरवर घेता, स्वतःच्या मराठीवर घेता.

ओळीच्या शेवटी राहिलेली उभी रेघ हाही असाच प्रकार. तीन शब्दांतला शेवटचा खोडला आणि रेघ राहून गेली:

कर्ता -> "मुलगा" | "मुलगी" |

वाचक याचा अर्थ घेतो, कर्ता म्हणजे मुलगा, किंवा मुलगी, किंवा काहीच नाही. असा रिकामा पर्याय नियमात बसतो, त्यामुळे तक्रार नाही. आता ‘आंबा खातो’ हे कर्ता नसलेलं वाक्यही पास होतं. मराठीत अशी वाक्यं आपण बोलतोच, त्यामुळे ते उत्तर बघून संशयही येत नाही. एका रेघेने व्याकरणाचा अर्थ बदललेला असतो.

आणि खास आपला म्हणावा असा प्रकार ‘ऱ्य’चा. दऱ्या, दोऱ्या, वाऱ्यावर. हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, ज्याचा युनिकोड क्रमांक ०९३१ आहे, त्यापुढे हलन्त. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. व्याकरणात एका तऱ्हेने लिहिलेलं ‘वाऱ्यावर’ आणि वाक्यात दुसऱ्या तऱ्हेने आलेलं ‘वाऱ्यावर’ हे संगणकाला दोन निराळे शब्द. एनएलटीके इथे एक चांगलं काम करतं. वाक्यातला एखादा शब्द व्याकरणात कुठेच नसेल तर त्या शब्दाचं नाव घेऊन तसं सांगतं. पण तो शब्द फाइलमध्ये समोर दिसत असताना ‘हा शब्द नाही’ हे ऐकून माणूस हतबुद्ध होतो. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणं, केलं की हे सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. र आणि खालचा नुक्ता (टिंब) वेगवेगळे लिहिले असतील तर प्रमाणीकरण त्यांचा एक ‘ऱ’ करतं. अदृश्य जोडचिन्हाच्या रूपाला मात्र ते हात लावत नाही. मराठीसाठी काम करणाऱ्याने ही अदलाबदल स्वतःच्या हाताने करायची, आणि व्याकरणाच्या फाइलवर आणि वाक्यावर, दोन्हीकडे सारखीच.

मग चांगला वाचक कसा असावा? मी माझ्या कामासाठी एक लिहिला, त्यातून शिकलेलं सांगतो.

पहिल्या चुकीला थांबायचं नाही. दोनशे ओळींच्या फाइलमध्ये सात चुका असतील तर सात वेळा चालवून एकेक कळणं हा माणसाच्या वेळेचा अपव्यय आहे. चुकीची ओळ टिपून ठेवायची आणि पुढची वाचायची. इथे ओळीचा शेवट कामाला येतो. एका ओळीत कितीही गोंधळ असला तरी पुढच्या ओळीला नवा नियम सुरू होतो, त्यामुळे वाचकाला पुन्हा पाय टेकायला पक्की जागा मिळते. सगळ्याच फाइलींत ही सोय नसते. लिंक ग्रामर नावाचा एक जुना पार्सर आहे, १९९१ मध्ये कार्नेगी मेलनमध्ये डॅनियल स्लेटर आणि डेव्ही टेंपरली यांनी मांडलेला. त्याच्या शब्दकोशाच्या फाइलमध्ये आधी शब्द, मग विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं, मग तो शब्द कशाकशाशी जोडला जातो ते, आणि शेवटी अर्धविराम अशी रचना असते. नोंद कितीही ओळींची असू शकते. अर्धविराम राहिला तर वाचकाला नोंद संपल्याचं कळत नाही. तो पुढच्या नोंदीत शिरतो आणि तिथे जाऊन ‘अर्धविराम हवा होता’ म्हणतो. म्हणून तिथे चूक सांगितलेल्या जागेच्या वरच्या नोंदीत बघायचं. आणि त्या दोन टिंबांमुळे मराठीला आणखी एक खाच आहे. आपल्यापैकी कितीतरी जण ‘स्वत:’, ‘दु:ख’ लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाइप करतात. अशा फाइलमध्ये ‘दु:ख’ लिहिलं की शब्द झाला ‘दु’, आणि ‘ख’ ही त्याची माहिती.

पुढे वाचत राहायचं, पण उरलेल्या ओळींचं व्याकरण वापरायला द्यायचं नाही. यावर मी ठाम आहे. ‘क्रियापद’ची ओळ गळली आणि बाकीचं व्याकरण चालू राहिलं तर प्रत्येक वाक्य नापास होईल, आणि तो दोष भाषेचा वाटेल. एक जरी चूक असेल तरी व्याकरण हाती द्यायचं नाही, फक्त चुकांची यादी द्यायची.

यादी देतानाही एक काळजी घ्यावी लागते, ती मला उशिरा सुचली. ओळी वाचून झाल्या की मी एक उलटतपासणी करतो. उजवीकडे आलेल्या प्रत्येक नावाचा कुठेतरी डावीकडे नियम आहे का? सुरुवातीच्या ‘वाक्य’पासून निघून प्रत्येक नियमापर्यंत पोचता येतं का? यातच ‘क्रीयापद’ पकडलं जातं आणि अवतरणाविना राहिलेलं ‘घर’ही. पण ‘कर्म’ची ओळच चुकलेली असेल तर उलटतपासणी म्हणते, ‘कर्म’चा नियम नाही. तो आहे, फक्त वाचता आला नाही. एका चुकीच्या पोटी दुसरी खोटी तक्रार. त्यावर उपाय म्हणजे चुकलेल्या ओळीच्या डावीकडचं नाव वाचता आलं असेल तर ते बाजूला लिहून ठेवायचं आणि त्याच्याबद्दल गप्प राहायचं. खोट्या तक्रारी दोन-तीनदा आल्या की माणूस खऱ्या तक्रारीही वाचेनासा होतो.

आणि तक्रारीची भाषा. चुकीच्या जागेखाली छोटी खूण करून दाखवायची रीत बऱ्याच साधनांत असते. देवनागरीत ती खूण भलतीकडेच पडते. ‘क्रियापद’मध्ये दिसणारी अक्षरं चार, क्रि, या, प, द. साठवलेली चिन्हं आठ. आठ चिन्हं मोजून चार अक्षरांखाली खूण केली तर ती पुढच्या शब्दाखाली जाणार. शिवाय ऱ्हस्व वेलांटी साठवणीत व्यंजनानंतर असते आणि दिसते आधी. म्हणून मी खूण करत नाही. जिथवर वाचता आलं तो तुकडा एका ओळीवर, जिथे अडलं ते चिन्ह त्याच्या युनिकोडमधल्या नावासह पुढच्या ओळीवर. ‘इथवर वाचलं: व. पुढे आलं: देवनागरी काना. हवं होतं: नावाचा उरलेला भाग किंवा बाण.’

हा संदेश मी त्या विद्यार्थिनीला दाखवला. तिने तो एकदाच वाचला आणि म्हणाली, ‘म्हणजे त्याला “वा” दिसलाच नाही.’ मग तिने दुपारपासून मांडीवर उघडी असलेली वही मिटली आणि फाइलमध्ये पाचवी ओळ लिहायला घेतली, विशेषणाची.